मागचं गेट

काशीराम पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागला, तेव्हा जिल्ह्याचं नाव अजून कुलाबाच होतं. ड्रेसरनं जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, एवढंच काम. पण कशेडी घाटाच्या पायथ्याच्या दवाखान्यात कामं अशी वाटून घेता येत नाहीत. घाटात गाडी दरीत गेल्याची खबर आली की जीप निघायची. डॉक्टर सबनीस पुढं, काशीराम मागं. डॉक्टर रजेवर असले तर काशीराम एकटा. दोराला धरून दरीत उतरायचं, माणसं पाठीवर घेऊन वर आणायची, मोडलेल्या पायाला बांबूची कांब बांधायची आणि जीप खाली पोचेपर्यंत त्यांना बोलतं ठेवायचं. त्याचा हात हलका होता. गणूच्या पोराचा हात लागला की दुखत नाही, असं बाजारात म्हणायचे. एरवी ज्यांनी बौद्धवाडीतल्या माणसाच्या हातचं पाणी घेतलं नसतं, तेही घाटात त्याच्या गळ्याला मिठी मारून वर येत. काशीरामनं ते कधी बोलून दाखवलं नाही.

बाप गणू रस्त्याच्या कामावर खडी फोडून म्हातारा झालेला. पोरगा महाडच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाला, सरकारी नोकरीत लागला, वरंधकडच्या वाडीतली चंद्रा त्यानं करून आणली. म्हाताऱ्याला याच्यापुढं काही मागायचंच नव्हतं.

पण काशीरामला आतून पोखरणारी एक गोष्ट होती. तो पोचायचा तेव्हा सगळं होऊन गेलेलं असायचं. माणूस पडलेला, रक्त वाहून गेलेलं, उरलेलं तेवढं वाचवायचं. कितीही धावलं तरी तो उशिराच पोचायचा.

एका वर्षी गणपतीच्या तोंडावर मुंबईहून माणसं भरून निघालेला एक ट्रक कशेडीच्या वळणावर खाली गेला. एस.टी.त जागा मिळाली नाही म्हणून चाकरमानी ट्रकनं निघाले होते. पोरं, बोचकी, मखराचे कागद. पाऊस धो धो. डॉक्टर पुण्याला गेलेले. काशीरामला दरीत एक बाई सापडली, खेडकडची. मांडीला पत्रा लागून रक्ताची चिळकांडी उडत होती. त्यानं जांघेत मूठ दाबून धरली आणि तशीच तिला वर आणली, जीपमध्ये घातली. रस्त्यात दरडीचे दगड आलेले, ट्रकांची रांग लागलेली. जीप अडकली. बाई बोलत होती. घरी सासूनं गौरीचे मुखवटे घासून ठेवले असतील, म्हणत होती. मग म्हणाली, "भाऊ, हात काढू नको हां." त्यानं हात काढला नाही. खांद्यापासून बधिर झाला तरी काढला नाही. पोलादपूरला पोचल्यावर नर्सनं तिचे डोळे पाहिले आणि म्हणाली, "काशीराम, सोड आता. कधीच गेली ती." तरी त्याची मूठ सुटेना, नर्सला ती बोट बोट करून सोडवावी लागली.

ट्रकचा ड्रायव्हर मात्र कपाळावरच्या खोकेवर निभावला होता. त्याच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता. पट्टी बांधताना तो आपणहून बोलला, "खाली नाक्यावर पोलिसानं गाडी थांबवली होती. मी गुत्त्यातनंच आलेलो. हसला आणि म्हणाला, जा सांभाळून."

काशीराम त्या दिवशी घरी जेवला नाही. चंद्राला म्हणाला, "तो नाक्यावरला पोलीस गो. त्यानं नुसती चावी काढून घेतली असती ना, तरी ती बाई आज घरी गौरी बसवत असती. मी दरीत उतरून काय करतंय? वाचवायचं ते तिथं, नाक्यावर."

"मंग पोलिसात जाणार काय आता?" चंद्रानं थट्टेनं विचारलं. तो हसला नाही.

डॉक्टर सबनीसांनी त्याला पुष्कळ समजावलं. "अरे, तुझ्या हातात कला आहे. ती दंडुका धरण्यात घालवणार? आणि तिथं तुझं ऐकणार कोण?" पण त्याचं ठरलं होतं. अलिबागच्या भरतीत धावण्यात तो पहिला आला. घाट चढून उतरून त्याची छाती तयारच होती.

पहिली काही वर्षं त्यानं खरोखरच मनासारखी नोकरी केली. घाटाखालच्या नाक्यावर ड्यूटी असली की ड्रायव्हरला खाली उतरवायचा, तोंडाचा वास घ्यायचा, चाकं बघायचा, जास्तीची माणसं भरली असतील तर उतरवून एस.टी.त बसवायचा. ड्रायव्हर लोक त्याला शिव्या घालत. हवालदार महिपत त्याच्या जोडीला असायचा, तो खुर्ची मागं टेकून म्हणायचा, "काशीराम, जगाचा मक्ता तूच घेतलायस काय रे?"

एकदा त्यानं महाडच्या एका पुढाऱ्याचा ट्रक अडवला. ड्रायव्हर झिंगलेला होता, ब्रेक कामातून गेलेले. दुसऱ्या दिवशी वरून फोन आला आणि काशीरामची बदली महाडच्या ठाण्यात झाली, आत, लॉकअपच्या पहाऱ्यावर. नाका सुटला तो सुटलाच.

ठाण्याचे फौजदार दळवी. गोरे, मृदू बोलणारे, कपात फुंकर घालून चहा पिणारे. त्यांनी स्वतः कुणाला चापटसुद्धा मारली नाही. तसली कामं करायला दुसरी माणसं होती. काशीराम आधी दवाखान्यात होता हे कळल्यावर दळवींना फार बरं वाटलं.

चोरीच्या संशयावरून एका कातकरी तरुणाला धरून आणलं होतं. काशीरामला आतल्या खोलीत बोलावणं आलं. तरुण भिंतीला टेकवलेला होता, डोळे अर्धे मिटलेले. दळवी दारात कप घेऊन उभे होते.

"तू दवाखान्यातला माणूस," ते म्हणाले. "जरा बघून सांग. अजून किती सोसेल?"

काशीरामला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तो खाली बसला, तरुणाची नाडी धरली, पापण्या वर केल्या, बरगड्यांवर हात फिरवला. त्याच्या हलक्या हातानं तरुणाला क्षणभर बरं वाटलं असावं; त्यानं डोळे उघडून काशीरामकडे असं बघितलं, जणू आता हा आपल्याला सोडवणार.

"बस करा साहेब," काशीराम म्हणाला. "नायतर मरंल."

"बरं झालं सांगितलंस," दळवी म्हणाले आणि खरोखरच त्यांनी थांबवलं. तरुण जगला. काशीरामनं मनाला समजावलं, आपण होतो म्हणून जगला. पण त्यानंतर त्याला वरचेवर बोलावणं येऊ लागलं. ठाण्यात त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणू लागले. डॉक्टरला बोलवा रे, एवढं म्हटलं की तो हातातलं काम टाकून आत जायचा. कधी तो खोटंच सांगायचा, नाडी लागत नाही म्हणून; पण दर वेळी खोटं चालायचं नाही. मग नाडी धरून त्याला खरं सांगावं लागायचं, की आहे, अजून आहे जीव. आणि दार त्याच्या मागं लागायचं.

अशी कितीतरी वर्षं गेली. चंद्राला मूल झालं नाही. घरी तो कमी बोलायचा. जेवायला बसण्याआधी साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचा. दवाखान्यात असतानाही धुवायचा, पण आता दोन दोन वेळा धुवायचा. चंद्रा बघायची आणि हात पुसायला पंचा पुढं करायची.

दळवी निवृत्त झाले ते नेमके महाडच्या एमआयडीसीत कारखाने उभे राहत होते त्या सुमाराला. रंगांची, औषधांची, कसकसली रसायनं तिथं तयार व्हायला लागली होती. मुंबईचे शेठ, पुण्याचे मॅनेजर, आणि रात्रीतून पिंपच्या पिंप नाहीसं होण्याचा त्यांना घोर. दळवींनी सिक्युरिटीची एजन्सी काढली. वॉचमन पुरवायचे आणि वर सल्ला द्यायचा. सल्ल्यासाठी त्यांना माणूस हवा होता.

"तू ये," ते काशीरामला म्हणाले. "इथं कुणाला मारायचं नाही, कुणामागं पळायचं नाही. कारखान्यात जायचं, फिरून बघायचं, कुठून काय होऊ शकतं ते सांगायचं. होण्याच्या आधी. तुझ्या डोक्यात ते आहेच."

होण्याच्या आधी. या शब्दांवर काशीराम विकला गेला. खाकी उतरवली, पँट-बुशशर्ट चढवला. चंद्रानं त्या दिवशी शेवयांची खीर केली. खूप दिवसांनी घरात कुणीतरी हसलं.

आणि कामात तो खरोखर हुशार निघाला. कारखान्याच्या भिंतीकडेनं तो एक फेरी मारायचा आणि कुठली वीट पायानं झिजलीय, कुठल्या झाडाची फांदी वाकवलीय, हे बघून चोर कसा आला ते सांगायचा. मॅनेजर लोक त्याला खुर्ची देऊ लागले. काशीरामसाहेब म्हणू लागले. त्याच्या शब्दावर भिंती वाढल्या, तारा चढल्या, दिवे लागले.

रंगाची रसायनं करणाऱ्या एका कारखान्यात सॉल्व्हंटची पिंपं गायब होत होती. काशीराम मागच्या बाजूला गेला. तिथं एक लोखंडी गेट होतं, पलीकडे नाला आणि नाल्यापार भातशेती. वरंध-बिरवाडीकडचे कामगार शिफ्ट सुटली की तिथूनच पायवाटेनं घरी जात. चिखलात पिंप गडगडत नेल्याची खूण ढळढळीत दिसत होती.

त्यानं मॅनेजर बर्वेंना सांगितलं, "हे गेट बंद करा. साखळी, मोठं कुलूप. भिंतीवर काचा लावा. आणि गेटवर आतल्या बाजूला एक माणूस चोवीस तास ठेवा, चावी त्याच्याकडं. आत तुमचं जळणारं सामान हाय, कधी काय झालं तर त्यानं उघडायचं."

साखळी आली, कुलूप आलं, भिंतीवर सिमेंटमध्ये बाटल्यांच्या काचा बसल्या. चोरी थांबली. बर्वेंनी पेढे दिले. तेवढ्यात काशीरामनं शब्द टाकला आणि चंद्राचा धाकटा भाऊ भिकू तिथं प्लँटवर लागला. भिकूचं लग्न ठरत होतं. सासू राहीबाई वाडीवरनं कोंबडा घेऊन आली आणि म्हणाली, "जावयबापू, माज्या पोराला तुमी मार्गाला लावलात."

काही महिन्यांनी काशीराम पाहणीला गेला तर मागच्या गेटवर माणूस नव्हता. कुलूप होतं, चावी बर्वेंच्या टेबलाच्या खणात, पुढच्या गेटजवळच्या ऑफिसात.

"एका गेटसाठी तीन शिफ्टचे तीन वॉचमन?" बर्वे म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

तो दळवींकडे गेला. दळवी कपात फुंकर घालत होते. "तू सल्ला दिलास ना? दिलास. मग आपलं काम संपलं. फार ताणलंस तर दुसरी एजन्सी बोलावतील. आणि तुझा मेहुणा तिथंच आहे, विसरू नकोस."

काशीराम बाहेर आला. परत जाऊन बर्वेंसमोर आवाज चढवावा असं त्याच्या मनात आलं. पण खुर्ची मिळण्याची, साहेब म्हणवून घेण्याची सवय लागली होती. पुढच्या खेपेला बोलू, असं म्हणून तो घरी गेला. पुढच्या खेपेलाही गेटवर माणूस नव्हता, आणि या वेळी त्यानं विचारलंसुद्धा नाही.

होळी होऊन गेली होती. ऐन दुपारी काशीराम शेजारच्याच एका नव्या कारखान्याच्या भिंतीची उंची मोजत उभा होता. दाणकन आवाज झाला. पायाखालची जमीन हलली. वळून बघतो तर रंगाच्या कारखान्यावर काळ्या धुराचा खांब उभा.

मधल्या शेडमध्ये भडका उडाला होता आणि पुढच्या गेटकडे जायची वाट त्या शेडवरून होती. आतल्या माणसांना पळायला एकच बाजू उरली होती. काशीरामला हे धावता धावताच कळलं, कारण आख्खा नकाशा त्याच्या डोक्यात होता. तो पुढच्या गेटकडे गेलाच नाही. नाल्यातून, गुडघाभर चिखलातून मागं पोचला.

लोखंडी गेट आतून वाजत होतं. हातांनी, मुठींनी, कशाकशानं. वरच्या काचांवर कुणीतरी शर्ट टाकून चढलं आणि पोट फाडून घेत बाहेर पडलं. "चावी! चावी कुणाकडं हाय?" आतून ओरडत होते. चावी आगीच्या पलीकडे बर्वेंच्या खणात होती. काशीरामनं धोंडा उचलून कुलपावर घातला. पुन्हा घातला. कुलूप चांगलं होतं. त्यानंच सांगून मागवलेलं, सहजी फुटणारं नव्हे. शेतात उन्हाळी भाजीला पाणी लावणारा एक बाप्या पहार घेऊन धावत आला. दोघांनी साखळीत पहार घालून पिरगाळली. तोवर गेटवरचा आवाज कमी कमी होत गेला होता. साखळी तुटली तेव्हा गेट ढकलावं लागलं नाही. आतल्या माणसांच्या भारानं ते आपोआप उघडलं आणि माणसं एकमेकांवर नाल्याच्या काठावर सांडली.

मग काशीरामचे हात आपोआप कामाला लागले. किती वर्षांनी. डोकं बंद होतं, हात चालू होते. याला आडवं करा, याच्यावर पाणी ओता, याला बसता करा, ह्याची पँट फाडा. घाटात सबनीसांनी शिकवलेली एक गोष्ट त्याच्या हाडात मुरलेली होती: ज्याचं काही होण्यासारखं नाही त्याच्यापाशी थांबायचं नाही, तेवढ्यात दुसरा हातचा जातो. तो एकेकापाशी वाकत होता, श्वास ऐकत होता आणि पुढं सरकत होता.

"दाजी."

भिकू होता. भुवया जळालेल्या, नाकपुड्यांत काजळी. अंगावर तेवढं भाजलं नव्हतं. पण आवाज घोगरा झाला होता आणि श्वास घेताना गळ्यातून शीळ वाजत होती. एकदा घाटात टँकर पेटला होता, तेव्हा काशीरामनं ही शीळ ऐकली होती. आतला गळा भाजून सुजत चाललाय, याचा अर्थ. दवाखान्यापर्यंत सुद्धा पोचायचा नाही. भिकूनं त्याचं मनगट धरलं. पलीकडे एकजण पडला होता, गप्प, पायातून रक्त जात असलेला; त्याचं काही करता येण्याजोगं होतं.

काशीरामनं भिकूची बोटं सोडवली आणि तो पलीकडच्याकडे गेला.

पाय बांधून होईपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. मागं वळला तेव्हा शीळ थांबली होती. ज्याचा पाय बांधला होता, तोही संध्याकाळी महाडच्या दवाखान्यात दगावला.

पंचनाम्याला हवालदार महिपत आला होता. तो काशीरामला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, एक सांगतो. जबाब देताना जपून. बर्वे म्हणतोय, गेटला कुलूप तुझ्या सल्ल्यानं लावलं. तू एवढंच म्हण, मी फक्त सुचवलं होतं, बाकी मला ठाऊक नाय. सुटशील."

काशीरामनं सगळं सांगितलं. गेट माझ्या सांगण्यावरनं बंद झालं. काचा माझ्या सांगण्यावरनं लागल्या. माणूस ठेवा म्हणालो होतो, ठेवला नाही, ते मी बघितलं आणि गप्प बसलो. त्याला वाटलं, निदान खरं सांगितलं की बर्वे अडकेल, दळवी अडकेल, कुठंतरी काहीतरी सरळ होईल. पण त्याच्या जबाबातलं सोयीचं तेवढं सगळ्यांनी उचललं. बर्वे म्हणाले, तज्ज्ञाचा सल्ला होता, आम्ही पाळला. माणूस ठेवायचं तो कधी बोललाच नाही. दळवी म्हणाले, मी वॉचमन पुरवतो, सल्ल्याचं सगळं काशीरामच बघायचा. बर्वेंना अटकेआधीच जामीन झाला. काशीरामला महाडच्या त्याच लॉकअपमध्ये ठेवलं, जिथं तो पहारा करत असे. त्याला कुणी हात लावला नाही. चहासुद्धा दिला. शेजारच्या खोलीतून कुणाचा तरी कण्हण्याचा आवाज येत होता आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. बाहेरून कुणीतरी सवयीनं म्हणालं, "डॉक्टरला विचारा रे," आणि मग एकदम गप्प झालं.

जामिनावर सुटला तेव्हा घराला कडी होती. चंद्रा माहेरी गेली होती. कारखाना पुन्हा सुरू झाल्याचं त्याला स्टँडवरच कळलं.

तो वरंधच्या रस्त्यानं वाडीवर गेला. राहीबाई ओट्यावर बसली होती, समोर सुपात नाचणी, पण हात हलत नव्हते. चंद्रा आत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. काशीराम अंगणातच उभा राहिला. बस असं कुणी म्हटलं नाही.

मग राहीबाई बोलली. आजवर तिनं जावयाला एकेरी हाक मारली नव्हती. "तू दवाखान्यात व्हतास. तुला कळतं. मला खरं सांग. गेट उघडं असतं तर माजा पोरगा निघाला असता काय रे?"

तिला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. भडकाच एवढा होता, काही उपयोग झाला नसता, असं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. आणखी कुणाला विचारायला ती जाणार नव्हती. काशीरामच्या ओठांपर्यंत ते आलं.

"निघाला असता," तो म्हणाला. "पळायला मिळालं असतं तर चालत घरी आला असता."

आत काहीतरी पडलं. राहीबाईची नजर त्याच्यावरून हलली नाही.

"अखेरीला कोण व्हतं त्याच्यापाशी?"

"कुणी नाय."

"तू व्हतास ना तिथं?"

"व्हतो. त्यानं माझा हात धरला व्हता." काशीराम म्हणाला. "तो जगणार नाय हे मला कळलं व्हतं, आत्या. दुसरा एक वाचण्यासारखा व्हता, म्हणून मी तिकडं गेलो."

"मंग तो वाचला?"

"नाय."

राहीबाईनं सूप उचललं आणि नाचणी पाखडायला सुरुवात केली. सुपाचा एकसारखा आवाज येत राहिला. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं त्याला काही तरी म्हणावं म्हणून तो उभा होता, ऊन खांद्यावरून पाठीवर गेलं तरी उभा होता. शेवटी चंद्रा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तिनं तो त्याच्या हातात दिला नाही, उंबऱ्यापाशी खाली ठेवला.

"चंद्रा," तो म्हणाला.

"पाणी प्या आणि जा तुमी," ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. दमलेल्या माणसाचा होता. "आयेला सोडून मी नाय यायची. तुमी वाईट हाव असं मी म्हणत नाय. पर तुमचा हात बघितला ना, की माज्या डोळ्यांपुढं भिकूचा हात येतो. तुमी सोडवलेला."

तो पाणी प्याला. तांब्या जागच्या जागी ठेवला. वाडीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून बघत होती; कुणी तोंड फिरवलं नाही आणि कुणी हाकही मारली नाही. पायवाटेनं उतरून तो सडकेला आला. भोरकडून महाडला जाणारी एस.टी. समोरून आली, ड्रायव्हरनं ओळखून वेग कमी केला. काशीरामनं हात केला नाही. गाडी पुढं गेली, आणि तिची धूळ खाली बसायच्या आत तो सडकेच्या कडेनं पायीच महाडकडं चालायला लागला.